कात्याचे माहेर ओकिनावा

आपल्या वस्त्यांतून संध्याकाळी फेरी मारली, तर कुठे मैदानात, कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे विहाराच्या सभागृहात पांढऱ्या पोषाखातील मुले-मुली रांगेत उभी राहून कराटे शिकताना दिसतात. त्यांच्या आईवडिलांना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. मुलगी एका क्लासातून दुसऱ्या क्लासात गेली, की तिथले सर म्हणतात, "हा काता चुकीचा आहे, पहिल्यापासून शीक." मग आधीच्या सरांनी दोन वर्षे शिकवले ते काय होते? पोटाला चिमटा काढून भरलेली फी वाया गेली काय?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर ही विद्या जिथे वाढली त्या बेटावर जावे लागते. म्हणून आज आपण ओकिनावाची सफर करू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. काता म्हणजे एकट्याने करायच्या चालींचा ठरलेला क्रम. कुठे पाऊल टाकायचे, कुठे वळायचे, कोणत्या हाताने वार अडवायचा, कोणत्या हाताने ठोसा द्यायचा, हे सारे त्यात बांधलेले असते. पूर्वी ही विद्या लिहून ठेवण्याची फारशी रीत नव्हती. वस्तादाने करून दाखवायचे आणि शिष्याने अंगात मुरवायचे. आपल्याकडे दांडपट्ट्याचे हात जसे वस्तादागणिक थोडे बदलतात, किंवा वामनदादांचे एकच गीत दोन गायन पार्ट्या दोन चालींत म्हणतात, तसेच कात्याचे झाले.

राज्य गेले, विद्या राहिली

जपानच्या मोठ्या बेटांच्या नैर्ऋत्येला समुद्रात बेटांची एक माळ पसरली आहे. त्यातले ओकिनावा हे सर्वांत मोठे बेट. लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी वर, रुंदी मात्र बेताची. राजधानी नाहा. इथून टोकियो दीड हजार किलोमीटरहून दूर आणि तैवानचे तैपेई साडेसहाशे किलोमीटरच्या आत. घराघरांच्या छपरांवर मातीचे सिंह बसवलेले असतात, बाजारात कारल्याचे ढीग असतात आणि अंडे-टोफू घालून परतलेले कारले हे इथले घरोघरीचे जेवण आहे. आपल्याकडच्या माणसाला हे ताट फार परके वाटणार नाही.

हे बेट मुळात जपानचे नव्हते. १४२९ साली इथे रियुक्यू नावाचे एकसंध राज्य उभे राहिले. चीनशी त्याचा जुना व्यापार होता. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी स्वारी करून या राज्यावर आपला वचक बसवला आणि १८७९ साली जपानने राजाला पदच्युत करून बेट आपल्या मुलुखात सामील केले.

त्यानंतर ओकिनावाच्या माणसांना जे सोसावे लागले, ते आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेत मूल घरची भाषा बोलले, की शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. १९०३ साली ओसाकाच्या प्रदर्शनात तर ओकिनावाच्या स्त्रियांना इतर जमातींच्या माणसांबरोबर 'पाहण्याच्या वस्तू' म्हणून मांडले होते. अशा माणसांच्या अंगणात कराटे वाढले, हे काता शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावे.

तीन ठिकाणे, तीन घराणी

नाहाच्या विमानतळावरून एक छोटी मोनोरेल निघते. चेंबूर-वडाळ्याची मोनो पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. शहरावरून वळणे घेत ती शुरीच्या टेकडीपर्यंत चढते. शुरी ही राजाची जागा, नाहा हे बंदर व व्यापाऱ्यांचे गाव, आणि तोमारी हे दुसरे लहान बंदर. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून इतकी जवळ, की सकाळी निघालेला माणूस पायी तिन्ही पाहून संध्याकाळच्या आत परत येईल. तरीही तिथल्या हातांची नावे वेगळी : शुरी-ते, नाहा-ते, तोमारी-ते. 'ते' म्हणजे हात.

शुरीचा किल्ला आजवर अनेकदा जळाला. १९४५ च्या युद्धात तो उद्ध्वस्त झाला, १९९२ साली पुन्हा उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे आगीत मुख्य प्रासाद पुन्हा खाक झाला. नंतर ओकिनावाच्या लोकांनी त्याची उभारणी परत हाती घेतली. इमारत जुने नकाशे आणि छायाचित्रे पाहून बांधता येते. कात्याला मात्र माणसाच्या अंगाशिवाय दुसरा नकाशा नव्हता.

शुरीच्या दरबारी घराण्यांत ही विद्या भिंतींच्या आड चाले. फुनाकोशी गिचिन तरुणपणी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते रात्री आपल्या वस्तादाच्या अंगणात जाऊन शिकत. 'एक काता, तीन वर्षे' अशी तिथली म्हणच आहे.

हे कुंपण मोडण्याचे मोठे काम इतोसू आंको यांनी केले. १९०१ साली शुरीच्या प्राथमिक शाळेत त्यांनी कराटे शिकवण्यास सुरुवात केली. मुलांना झेपावे म्हणून त्यांनी पाच काते तयार केले. त्यांचे नाव पिनान, म्हणजे शांतता, स्वस्थता. निवडक घरांची विद्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला मिळू लागली. आज आपल्या मुलांना क्लासात जे पहिले काते शिकवतात, ते बहुधा या पाचातलेच असतात.

नाव एक, चाल दोन

१९२२ साली फुनाकोशी टोकियोला गेले. ओकिनावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला आणि तिथेच झाडलोट, बागकाम, पहारा अशी कामे करून कराटे शिकवले. वय पन्नाशीच्या पुढचे. ज्यांच्या नावाने आज जगभर वर्ग चालतात, त्या माणसाने हाती झाडू घेण्यात कमीपणा मानला नाही.

टोकियोच्या लोकांना ओकिनावी-चिनी नावे परकी वाटत. म्हणून फुनाकोशींनी नावे बदलली. पिनान ज्या दोन अक्षरांनी लिहितात, तीच जपानी उच्चाराने वाचली की 'हेइआन' होते. शिवाय पहिला काता अवघड व दुसरा सोपा वाटल्याने त्यांनी दोघांची अदलाबदल केली. त्यामुळे शोतोकान क्लासातला 'हेइआन शोदान' म्हणजे जुना 'पिनान निदान'. मूल एका क्लासात 'पहिला' काता शिकून दुसऱ्या क्लासात गेले आणि तिथे तोच 'दुसरा' निघाला, तर कोणी फसवले असे समजू नये. हा फरक शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

फरक नावापुरताच राहिला नाही. पिनानमध्ये ओकिनावाचे शोरिन-रियू घराणे ज्या जागी समोर लाथ मारते, त्यातल्या काही जागी शोतोकान बाजूला लाथ मारते. ओकिनावाचे लोक ज्या जागी मांजरासारखा आखूड पवित्रा घेतात, तिथे शोतोकानचा पवित्रा लांब व मागे भार दिलेला असतो.

चिंतो या कात्याचा फरक तर लहान मुलालाही दिसेल. इतोसूंच्या परंपरेत तो समोर-मागे सरळ रेषेवर चालतो. शोतोकानमध्ये त्याचे नाव गानकाकु. क्यान चोतोकु यांच्या परंपरेत तोच काता तिरप्या रेषेवर चालतो. क्यान अंगाने लहानखुरे होते. राज्य गेल्यावर घराण्याची मिळकत गेली आणि पोटासाठी त्यांनी रेशमाचे किडेही पाळले. एकाच वस्तादाकडे सारे न शिकता त्यांनी ठिकठिकाणी जाऊन वेगवेगळ्या जाणत्यांकडून एकेक काता घेतला. १९४५ साली युद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत ते वारले. त्यांची तिरपी रेषा मात्र आजही शिष्यांच्या पायांत आहे.

नाइहांचीची गोष्टही अशीच. हा काता भिंतीला समांतर, बाजूबाजूलाच सरकत करतात. शोतोकानमध्ये तो 'तेक्की' या नावाने, घोड्यावर बसल्यासारखा रुंद व खाली बसून करतात. ओकिनावाच्या शोरिन घराण्यांत पवित्रा उंच आणि आखूड असतो. बहुतेक ठिकाणी पहिले पाऊल उजवीकडे पडते. शिमाबुकुरो तात्सुओ यांनी १९५६ साली स्थापलेल्या इश्शिन-रियूमध्ये मात्र ते डावीकडे पडते.

उद्यानातले स्मारक आणि गिरणीतली खोली

नाहाच्या मात्सुयामा उद्यानात हिगाओन्ना कानरियो आणि मियागी चोजुन या गुरुशिष्यांचे स्मारक आहे. हिगाओन्ना चीनमधील फुझोऊ शहरी जाऊन शिकून आले. त्यांच्या शिकवणीचा पाया म्हणजे सांचिन हा काता. सांचिन म्हणजे तीन लढाया. पावले मोजकीच, पण प्रत्येक पावलागणिक पाय जमिनीत रोवायचे, पोट घट्ट धरायचे आणि श्वास ताब्यात ठेवायचा.

हिगाओन्नांच्या सांचिनमध्ये वळणे आहेत. मियागींनी दुसरा एक सांचिन बसवला, त्यात न वळता पुढे जायचे आणि तोंड त्याच दिशेला ठेवून मागे यायचे. मियागींच्या गोजू-रियू घराण्यात आज हे दोन्ही शिकवतात. म्हणजे एकाच घरात, गुरूचा एक आणि शिष्याचा एक, असे दोन पाठ शेजारी शेजारी नांदत आहेत.

१९४५ च्या वसंतात ओकिनावावर घनघोर युद्ध झाले. दर चार माणसांमागे सुमारे एक माणूस मेला. मियागींची मुले गेली, त्यांचा अत्यंत जवळचा शिष्य शिनझातो जिनआन गेला. तरी युद्धानंतर मियागींनी नाहात आपल्या घराच्या अंगणात पुन्हा शिकवणे सुरू केले. सर्वांना सांचिन, आणि मग ज्याच्या त्याच्या शरीरयष्टीप्रमाणे एखाद-दुसरा काता, अशी त्यांची रीत सांगतात. १९५३ साली ते वारले. वारस कोण, यावर शिष्यांत एकमत झाले नाही आणि प्रत्येकाने आपापली शाळा काढली. गुरूने ज्याला जे जसे दिले, तसे त्याने जपले. मग दोन शाळांत हाताचा कोन किंवा श्वासाचा आवाज वेगळा असला, तर नवल ते काय?

सांचिनचा तिसरा पाठ उएची कानबुन यांचा. उत्तर ओकिनावातील मोतोबु भागातल्या शेतकरी कुटुंबातला हा माणूस १८९७ साली फुझोऊला गेला आणि १९१० साली परतला. बेटावर पोट भरेना, म्हणून १९२४ साली तो जपानच्या वाकायामा शहरी कापूस गिरणीत कामाला गेला. ओकिनावाचे कितीतरी मजूर तेव्हा तिकडच्या गिरण्यांत राबत होते आणि गावंढळ म्हणून हिणवून घेत होते. कानबुन यांनी गिरणीच्या चाळीतल्या खोलीत, पाळी सुटल्यावर, आपल्या गावच्या या मजुरांना शिकवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या घराण्याला उएची-रियू हे नाव मिळाले. गोजू-रियूच्या सांचिनमध्ये मुठी मिटलेल्या असतात, तर उएचींच्या सांचिनमध्ये हात उघडे असून बोटे भाल्यासारखी पुढे जातात.

गिरणीची खोली म्हणजे काय, हे गिरणगावच्या वाचकांना सांगायला नको. जगभर पसरलेले एक घराणे तशाच खोलीतून बाहेर पडले आहे.

बोधिधर्माची कथा

आपल्या समाजातील अनेक क्लासांत सांगितले जाते, की भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या भिक्खूने शाओलिन विहारात ही विद्या सुरू केली. ऐकायला बरे वाटते आणि अभिमानही वाटतो. पण संशोधकांना यासाठी तत्कालीन पुरावा मिळालेला नाही. बोधिधर्माचा व्यायामाशी संबंध जोडणारा ग्रंथ त्याच्यानंतर हजार वर्षांनी, सतराव्या शतकातला आहे. खुद्द इतोसूंनी १९०८ साली कराटेविषयी दहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. त्याच्या आरंभीच, कराटे हे बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या मतातून निघालेले नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आहे.

परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी. गोड कथाही पारखूनच घ्यावी. जो संबंध खरा आहे, तो लहान असला तरी पुरेसा आहे. कराटेतले 'कारा' पूर्वी 'चिनी' या अर्थाच्या अक्षराने लिहीत. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहात जाणत्यांची बैठक झाली आणि 'रिकामा' या अर्थाचे अक्षर पक्के झाले. चीन-जपानचे बौद्ध 'शून्यता' लिहिताना हेच अक्षर वापरतात. त्या बैठकीची आठवण म्हणून ओकिनावाने २००५ साली २५ ऑक्टोबर हा कराटे दिन ठरवला.

दहा बाय बाराच्या खोलीत

आता आपल्या घरी येऊ. फी थकली, सरांची बदली झाली, मुलगी मोठी झाली म्हणून क्लास सुटला, अशी कारणे आपल्या घरांत असतात. क्लास सुटला तरी काता सुटण्याचे कारण नाही. तो एकट्याने करायचा असतो आणि त्याला ना साहित्य लागते, ना जोडीदार.

जागा नाही, ही सबब तर ओकिनावाच पुसून टाकते. सांचिन तीन पावले पुढे, तीच मागे. नाइहांचीला पवित्रा आखूड ठेवल्यास भिंतीलगतचे दहाएक फूट पुरतात. पिनानसारख्या कात्याला जागा कमी पडली, तर चाल न तोडता एक पाऊल मागे सरकून पुढे चालू ठेवावे. पहाटे करायचे तर पाय आपटू नये. खालच्या मजल्यावर पाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो, आणि आवाज न करता पाऊल टाकणे हेच कठीण व उपयोगाचे आहे. लादी ओली नसावी. एकदा दाराकडे तोंड करून आणि एकदा खिडकीकडे तोंड करून तोच काता करावा. दिशा बदलल्यावर जो विसरतो, त्याने भिंत पाठ केली आहे, काता नाही.

दोन धोके लक्षात ठेवावेत. सांचिनमध्ये श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाब चढतो. म्हणून ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करू नये आणि लहान मुलांकडून जोर लावून करवून घेऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांनी खांबावर किंवा भिंतीवर मुठी आपटून हात 'कडक' करण्याच्या फंदातही पडू नये.

चूक कोणती, पाठभेद कोणता

आता मूळ प्रश्न. जुन्या ग्रंथांच्या दोन प्रतींत एखादा शब्द वेगळा सापडला, तर जाणकार त्याला लगेच चूक म्हणत नाहीत. पाठभेद म्हणतात आणि तो कुठून आला ते शोधतात. कात्यालाही हाच न्याय लावावा.

हात उघडा की मिटलेला, लाथ समोर की बाजूला, पहिले पाऊल डावे की उजवे, हे पाठभेद आहेत. त्यांच्यामागे कोणा वस्तादाची शरीरयष्टी, कोणाची शाळा, कोणाचे स्थलांतर असते. पण वळताना तोल जाणे, जिकडे वार करायचा तिकडे न पाहणे, गुडघा आत पडणे, ठोसा देताना खांदा वर चढणे, या चुका आहेत आणि त्या कोणत्याही घराण्यात चुकाच आहेत.

म्हणून पालकांनी नव्या सरांना नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. सर, आपले घराणे कोणते? आपण कोणाचे शिष्य? आणि ही चाल अशीच का? चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. "तुझे चुकले" याऐवजी तो म्हणतो, "आमच्याकडे असे करतात, आणि कारण असे आहे." मुलांनाही सांगावे, की ज्या क्लासात आहेस तिथला पाठ मनापासून कर, पण आधीचा विसरू नको. वहीत दोन्ही लिहून ठेव. माबुनी केनवा यांनी इतोसू व हिगाओन्ना या दोन वेगळ्या वस्तादांकडून शिकून दोघांचेही काते सांभाळले आणि आपल्या घराण्याला दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून 'शितो-रियू' हे नाव दिले. दोन गुरूंचे ऋण एकाच नावात मानता येते, हे त्यांनी दाखवले.

नाहाच्या शेजारी तोमिगुसुकु येथे २०१७ साली ओकिनावा कराटे भवन उघडले. तिथे सर्व घराण्यांना एकच छप्पर आहे. कोणाचा पाठ खरा, असा निवाडा तिथे कोणी देत नाही. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या कात्याचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच कियुना रियो याने जिंकले. ज्यांना प्रदर्शनात मांडले होते, त्यांच्याच बेटाचा हा मुलगा साऱ्या जगासमोर एकटा उभा राहिला, काता केला आणि वाकून अभिवादन करून बाजूला झाला.

आपल्या मुलामुलींना पदक मिळो वा न मिळो. घरातली चटई गुंडाळून त्यांना रोज दहा मिनिटे जागा करून द्या आणि त्या वेळी टीव्ही बंद ठेवा. एवढे आपल्या हातात नक्कीच आहे.